ती बाई मेली का जगली?

आमच्या धारूरच्या गल्लीत सकाळी कुणी ‘चहा झाला का’ विचारतं, कुणी ‘नळ आला का’. साळवे नाना विचारतात, “ती बाई मेली का जगली?”

नवखा माणूस दचकतो. बाई सिनेमातली असते. नाना जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेत. जन्मभर मुक्या रुग्णांची पोटं चाचपल्यामुळे त्यांना सिनेमासुद्धा तपासावासा वाटतो. नायक रडायला लागला, की म्हणतात, “ते जाऊ द्या, मूळ दुखणं काय हाय?” एका खलनायकाला तर त्यांनी मध्यंतराच्या आतच पोटफुगी ठरवली होती.

त्या बाईचा हा सिनेमा मात्र त्यांना पुरून उरला. त्यात जमिनीखाली एक शहर आहे. ऊन नाही, वारा नाही. माणसांनी खिडकीवर जाऊन आपली एकेक आठवण जमा करायची, तेव्हा घरात दिवा लागतो. शेवटी एक बाई जिना चढून वरचं दार उघडते, पडदा पांढराफटक होतो आणि संपलं. नानांनी तो मोबाइलवर हिंदीतून पाहिला, मग गल्लीला बघायला लावला आणि भेटेल त्याचा जबाब घेत सुटले.

न्हाव्याने एकाची दाढी अर्धी सोडून सांगितलं, की हे सगळं रेशनच्या रांगेवर आहे. चहावाल्याच्या मते शेवट कापलाय, दुसरा भाग येणार. मी पडलो शिक्षक. म्हणालो, दार म्हणजे स्वातंत्र्य. नानांनी माझ्याकडे रवंथ सोडलेल्या म्हशीकडे बघावं तसं बघितलं. त्यांच्या पत्नी, नानी, पहिल्याच प्रसंगाला म्हणाल्या होत्या, “एवढ्या अंधारात ही लोकं भाकरी कुठं थापत्यात?” आणि झोपी गेल्या. मला विचाराल तर सगळ्यात चांगलं परीक्षण तेच.

एवढा खटाटोप कशासाठी, हेही नानींनीच मला सांगितलं. सिनेमा पाठवला होता पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीने, सुजाताने. ती दर रविवारी फोन करते. बाबा, बरे आहात ना, आईला द्या; नानांच्या वाट्याला येतं ते एवढंच. या खेपेला मात्र ती म्हणाली होती, बघून ठेवा, रविवारी विचारते. तो रविवार नानांना वाया जाऊ द्यायचा नव्हता. हे कळल्यावर मला त्यांची चेष्टा करवेना.

रविवारी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. फोन वाजला तसा नानांनी तो स्पीकरवर टाकला आणि तोंडी परीक्षेला बसल्यासारखे ताठ झाले. काय समजलं, असं सुजाताने विचारलं. अख्ख्या गल्लीची मतं तोंडपाठ असलेला हा माणूस जमिनीकडे बघत म्हणाला, “मला काईच कळलं न्हाई, बाई. तूच सांग.”

सुजाता सांगू लागली. नाना ‘असं व्हय’, ‘बरं बरं’ करत होते. एक-दोनदा तिचं साफ चुकतंय असं मला वाटलं, नानांनाही वाटलं असणार, पण त्यांची मान होकारार्थीच हलत राहिली. बोलता बोलता ती ऑफिसातलं, खोलीवरच्या मैत्रिणीचं, न आवडणाऱ्या डब्याचंही सांगून गेली. नानांचा चेहरा असा खुललेला मी कधी पाहिला नव्हता.

नानी सवयीने फोनसाठी हात पुढे करून बसल्या होत्या. सुजाता थांबतेय असं वाटताच नानांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि विचारलं, “बरं, मग ते दार तिनं कशापायी उघडलं?”

नानींनी हात मागे घेतला.

“राहू द्या,” त्या मला हळूच म्हणाल्या, “आज त्यांचा नंबर लागलाय.”