दोन रुळांपलीकडचा माणूस

ढोमणेबाबूंनी कुणाला कधी सरळ नमस्कार केल्याचं मला आठवत नाही. माणूस समोर आला की ते त्याचा उजवा हात आपल्या हातात घेत, उलटा करत आणि तळवा नीट पाहत. मग हात सोडून म्हणत, “हं.” एवढंच. अमरावतीत त्यांच्या गल्लीतल्या बायांना बरीच वर्षं वाटत होतं की त्यांना हात पाहता येतो. एकदा एक बाई मुलीचं लग्न कधी जमेल म्हणून मुलीला घेऊन आली. ढोमणेबाबूंनी मुलीचा तळवा पाहिला आणि सांगितलं, “हिले सूतखात्यात लावा. बोटं हलकी आहेत.” बाई रागावून निघून गेली.

ते अमरावतीच्या एका कापडगिरणीत भरतीबाबू होते. मी अकोल्याच्या एका गिरणीत तेच काम करत होतो. काम म्हणजे काय, तर सकाळी फाटकाशी दीडदोनशे माणसं उभी राहत, त्यांतली पाचसहा निवडायची आणि बाकीच्यांना घरी पाठवायचं. हे काम शिकवणारी शाळा नव्हती. बापाच्या ओळखीनं चिकटलेला तेवीस वर्षांचा मी, जोशीमास्तरांचा मुलगा, फाटकाशी उभा राहून माणसं निवडत होतो आणि ज्याचा सदरा स्वच्छ तो चांगला, असं समजत होतो.

ढोमणेबाबूंना मात्र या कामाचं वेड होतं. बसच्या रांगेत उभे राहिले तरी ते पुढच्या माणसांची मनातल्या मनात भरती करत आणि मला कोपरानं ढोसून सांगत. हा फिटर होईल. तो बॉयलरवर चालेल. त्या टोपीवाल्याला कुठंच घेऊ नका, तो पुढारी होईल. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या सासऱ्यांचा तळवा पाहिला आणि भर पंगतीत मला म्हणाले, “जोशीबाबू, यायनं जन्मात खिळा ठोकला नाही.” सासरे वकील होते. त्यांनी पुढं कितीतरी वर्षं माझ्याशी ढोमणेबाबूंचा विषय काढला नाही.

महिन्यातून एका रविवारी आम्ही मूर्तिजापूरच्या फलाटावर जमत असू. ही कल्पना त्यांचीच. मूर्तिजापूर त्यांना आणि मला सारखं पडे. तिसरे होते धामणगाव रेल्वे या गावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मजूर लावणारे लढ्ढा मुनीम. त्यांना सगळ्यांत लांबून यावं लागे आणि ते दर वेळी ही गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत सांगत. फलाटाच्या टोकाला चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर बसलं की ढोमणेबाबूंचा नियम सुरू होई. आधी प्रत्येकानं महिनाभरात माणूस निवडण्यात केलेली एक चूक सांगायची, त्यानंतर चहा. चूक नाही असं म्हणणाऱ्याला ते म्हणत, “मंग तुमी महिनाभर फाटकाशी उभेच नसान.”

लढ्ढा मुनिमांना चूक कबूल करायचा फार त्रास होई. ते आधी ती दुसऱ्याची म्हणून सांगत, मग भावाची म्हणून, आणि चहा गार व्हायला लागला की आपली म्हणून. एकदा त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर रातांधळा माणूस ठेवला होता. एकदा जुळ्या भावांपैकी एकाला कामावर घेतलं आणि सहा महिने दोघं आलटून पालटून एकाच नावावर येत राहिले. आम्ही हसून हसून बेजार झालो. ढोमणेबाबू हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “झालं ते झालं. शिकले काय ते सांगा.” मुनीम म्हणाले, दोघांपैकी एकाच्या कानाला भोक होतं, ते पाहायला हवं होतं. ढोमणेबाबूंनी ते मनापासून लक्षात ठेवलं. पुढं ते तळव्याबरोबर कानही पाहू लागले.

या बैठकांतूनच पोस्टकार्डांची रीत निघाली. आपल्याला नको असलेला माणूस दुसऱ्याच्या उपयोगाचा असू शकतो, तेव्हा ज्याला परत पाठवलं त्याचं नाव, गाव, येणारं काम आणि न घेण्याचं कारण दुसऱ्या दोघांना कार्डावर कळवायचं. यातून कितीतरी माणसांना काम मिळालं. आणि यातूनच पुढचं सगळं झालं.

शंकर तायडे दर्यापूरकडचा. माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठा असेल. घरी हातमाग होता, बाप घोंगड्या आणि जाडंभरडं कापड विणायचा. शंकर सातवी शिकलेला. अर्जात त्यानं सुवाच्य अक्षरात धर्म बौद्ध असं लिहिलं होतं. नागपूरच्या दीक्षेला दोनतीन वर्षं झाली होती. मी त्याला विणखात्यात नेऊन मागावर उभं केलं. तुटलेला धागा त्यानं चालत्या मागावर असा जोडला की गाठ दिसेना. मी खूश होऊन त्याला बाहेर बसवलं आणि मॅनेजरच्या खोलीत गेलो.

विणखात्याचा मुकादम माझ्याआधी तिथं पोचला होता. त्या काळी मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून काढावं लागे. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागे. मुकादमाचं म्हणणं, याला घेतलं तर बाकीचे माग बंद ठेवतील. मॅनेजरनं माझ्याकडं न पाहता सांगितलं की काहीतरी कारण लिहा आणि मोकळे व्हा, खरं कारण कागदावर नको.

मी बाहेर आलो. शंकर उभा राहिला. मी त्याला म्हणालो, डोळे तपासून घे, नजर जरा कमी वाटते. तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला सगळं कळलं होतं आणि त्याला कळलंय हे मला कळलं होतं. संध्याकाळी मी सवयीनं दोन कार्डं लिहिली: विणकाम उत्तम, नजर कमजोर. का लिहिली ते आजही सांगता येत नाही. रजिस्टरात एक आणि कार्डावर दुसरं असं नको, एवढाच विचार केला असेन.

महिन्याभरानं शंकर अमरावतीला ढोमणेबाबूंच्या फाटकाशी गेला. तिथं विणखात्यात त्याच्या समाजाची दहाबारा माणसं आधीपासून होती, ढोमणेबाबूंनीच भांडून लावलेली. त्याला तिथं हमखास काम मिळालं असतं. ढोमणेबाबूंनी त्याचा तळवा पाहिला. विणकराचा हात होता. पण त्यांच्याकडं माझं कार्ड होतं. त्यांनी कार्डावर विश्वास ठेवला.

पुढं चारेक महिन्यांनी, उन्हाळा सरत आला तेव्हाच्या बैठकीला ढोमणेबाबू गाडीतून उतरले ते काखेत छत्री धरून. चुकीची पाळी आली तेव्हा त्यांनी सांगितलं की आज बडनेऱ्याला ते गाडीची वाट पाहत उभे होते. पलीकडच्या फलाटावरून, मधे दोन रूळ असताना, एका माणसानं त्यांना हाक मारून सांगितलं की बाबू, छत्रीची काडी निसटली आहे, कोणाच्या डोळ्यात जाईल. त्यांनी छत्री पाहिली. खरंच एक तार टोकाला सुटली होती. मग त्यांनी माणूस पाहिला. तो शंकर तायडे होता. ठेकेदाराच्या टोळीबरोबर मेळघाटात, धारणीच्या पुढं लाकूडतोडीला चालला होता.

“नजर कमजोर म्हणून मी ज्याले वापस पाठवलं, त्यानं दोन रुळांपलीकडून तार पाह्यली,” ढोमणेबाबू म्हणाले. “अन् तेवढ्यात माही गाडी आली. मी चढलो. मीटिंगले उशीर होईन म्हणून चढलो.”

लढ्ढा मुनिमांनी विचारलं की नजर कमजोर हे कुणी सांगितलं होतं. ढोमणेबाबू म्हणाले, “पाहायचं काम माहं होतं.” ते माझ्याकडं पाहत नव्हते. माझी पाळी आली. मी एका हमालाची काहीतरी गमतीची गोष्ट सांगितली. मुनीम हसले. मी त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर ढोमणेबाबू पुढच्या गाडीनं परत गेले असते, हे मला आज माहीत आहे. टोळी त्या रात्री अमरावतीलाच मुक्कामाला होती, हे पुढं कळलं.

ते घरी गेले आणि शंकरच्या गावी कार्ड टाकलं. उत्तर यायला पावसाळा लागला. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा रजा काढली. धारणीपर्यंत बसनं, पुढं ठेकेदाराच्या जीपमधून आणि शेवटचे काही कोस चिखलातून पायी, असे हे पन्नाशीचे गृहस्थ लाकूडतोडीच्या तळावर पोचले. शंकर हिवतापानं आठ दिवसांपूर्वी गेला होता. त्याची बायको कौसल्या तळावरच होती. बाकीची टोळी कामावर गेली होती आणि ती एका झोपडीत एकटी बसली होती. ढोमणेबाबूंनी तिला दर्यापूरला पोचवलं आणि दिवसकार्य झाल्यावर आपल्या गिरणीत सूत गुंडाळण्याच्या खात्यात लावलं.

हे सगळं त्यांनी पुढच्या बैठकीत चार वाक्यांत सांगितलं. चूक माझी, असं म्हणाले. त्या दिवशी शिकले काय ते मुनिमांनीही विचारलं नाही.

परतीची माझी गाडी आधी होती. मुनीम टपरीवरच बसले होते, फलाटाच्या दुसऱ्या टोकाला आम्ही दोघंच उभे होतो. मी त्यांना सांगितलं की त्याची नजर चांगली होती, मी खोटं लिहिलं.

“माईत आहे मले,” ते म्हणाले. “बडनेऱ्यालाच समजलं.”

“मग बोलला का नाहीत? मुनिमांसमोर नाही तर मला एकट्याला?”

“तुमी बोलान म्हणून वाट पाह्यली.” मग म्हणाले, “थेही चुकलंच माहं. वाट पाहाले नाही पाहिजे होती.”

पुढच्या बैठकीत मी मुनिमांसमोर सगळं सांगितलं. मुनिमांनी चहा खाली ठेवला. ते शंकरला कधी भेटले नव्हते. तरी त्यांच्याकडंही माझं कार्ड गेलेलं होतं. आम्ही तिथंच ठरवलं की यापुढं कार्डावर फक्त येणारं काम लिहायचं. न घेण्याचं कारण ज्याचं त्यानं माणूस पाहून ठरवावं. दोनच महिन्यांत माझ्या फाटकाशी पुन्हा तसाच प्रसंग आला. त्या वेळी मी रजिस्टरात खरं कारण लिहिलं, जात पाहून नाकारला. मॅनेजरनं ते पान फाडलं आणि मला कापडाच्या कोठारात बसवलं. तिथं मी पुढली सगळी वर्षं थान मोजण्यात घालवली. ज्याला नाकारलं होतं त्याला ढोमणेबाबूंनी अमरावतीत लावलं. मला याचा अभिमान वाटावा असं काही नाही. शंकरच्या वेळी हे केलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती.

मी भरतीतून गेल्यावर बैठका विरळ झाल्या. मुनिमांचं जिनिंग विकलं गेलं. ढोमणेबाबू निवृत्त झाले आणि दोन वर्षांत गेले, हे मला पत्रानं कळलं. मी अमरावतीला गेलो. घरात एक लांबचा पुतण्या होता आणि तो घर रिकामं करत होता. बायको फार पूर्वी वारलेली, मूलबाळ नाही, हे मला इतक्या वर्षांत तिथं पहिल्यांदा कळलं. आम्ही त्यांना चुकांशिवाय कधी काही विचारलंच नव्हतं.

तिथून मी गिरणीच्या चाळीत कौसल्याबाईंचं घर विचारत गेलो. त्या दुपारपाळीला निघायच्या तयारीत होत्या. मी ढोमणेबाबूंच्या ओळखीचा म्हटल्यावर त्यांनी ओट्यावर बसायला सांगितलं आणि स्वतः दारात उभ्या राहिल्या. त्या सांगू लागल्या की बाबू दर सणाला यायचे. नोकरी लावली तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं होतं की तुझ्या माणसाला नजर नाही म्हणून मी परत पाठवलं होतं, त्याची नजर चांगली होती, चूक माझी. तेव्हापासून ते आले की कौसल्याबाई त्यांना तोंडाला येईल ते बोलायच्या. ते ऐकून घ्यायचे. बोलून झालं की विचारायचे, काम बरं चाललंय ना, आणि उठून जायचे. पुढच्या सणाला पुन्हा हजर.

“मले वाटे, हा माणूस येते कावून? शिव्या खाले?” त्या म्हणाल्या. “मंग समजलं, त्याच्याशी बोलाले कोनीच नोतं.”

मी त्यांना सांगितलं की ती चूक ढोमणेबाबूंची नव्हती. कार्ड माझं होतं. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, तेवढंच. मी अकोल्याचा जोशी. खोटं मी लिहिलं होतं.

मला वाटलं, आता मला बोलतील. मी तयार होतो. खरं तर त्यासाठीच गेलो होतो.

“तुमचं नाव नाही घेतलं त्यानं,” त्या म्हणाल्या. “नऊ वर्षं आला. एकदाही नाही घेतलं.”

मग दाराला कुलूप लावता लावता, माझ्याकडं पाठ करून, त्या हळूच म्हणाल्या, “दिवाळीलेही बाहेरच बसवलं मी त्याले. एकदा तरी घरात बलावाले पाहिजे होतं.”

त्या गिरणीकडं निघून गेल्या. मला त्या काहीच बोलल्या नाहीत.