मनीप्लांटचा बदलीचा अर्ज

धाकू मेस्त्रींच्या घरातल्या मनीप्लांटने सोमवारी कुंडी कार्यालयात बदलीसाठी अर्ज केला. अर्जाची एक प्रत रीतीप्रमाणे मेस्त्रींना आली. त्यांनी ती उजेडात नेऊन हळूहळू वाचली. "माती आंबट झाली आहे. जेवण समोर असते, पण मुळांना घेता येत नाही. तरी दुसऱ्या घरी बदली व्हावी, ही विनंती."

मनीप्लांट तिथंच खिडकीत होतं. जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी पडली होती. नवी वाकडीतिकडी येत होती आणि कडेला करपत होती. मेस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली. अर्ज दिलेल्या झाडाला त्याबद्दल घरात विचारायचं नाही, असा नियम होता.

ही कुंडी मेस्त्रींच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी आणली होती. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. आता घरात मेस्त्रींच्या सोबतीला तेवढंच एक होतं.

"माझ्याकडे येतंय की काय बदलून?" शेजारच्या अनसूयाबाईंनी दारातून विचारलं. "आधीच सांगते मेस्त्री, जागा नाही."

"तुमच्याकडे कशाला येईल, वहिनी? तुमच्या आवाजानं राहिलेली पानं गळायची."

बोलले खरं, पण त्या दिवशी मेस्त्री जेवले नाहीत.

बुधवारी कुंडी कार्यालयाचे चाखणीस नलावडे आले. त्यांनी वहाणा बाहेर काढल्या, हात धुतले, चूळ भरली. मग कुंडीतली चिमूटभर माती जिभेवर ठेवून डोळे मिटले.

"चहा," ते म्हणाले. "आलं घातलेला. बिनसाखरेचा. रोज एक कप. किती दिवस चाललंय हे?"

"दोन वर्षं, साहेब."

"तुम्ही बिनसाखरेचा पिता?"

"मी नाही. ती प्यायची." मेस्त्रींनी खिडकीकडे बोट केलं. "सकाळी दोन कप करायचा हात बसलाय. केलेला चहा मोरीत कसा ओतायचा? ती इथंच खिडकीत बसून प्यायची. म्हणून मग कुंडीत."

नलावडेंनी वहीत लिहिलं, 'कारण: चहा.' ते खोडून लिहिलं, 'कारण: सवय.' मग ते मनीप्लांटकडे वळले. "तुम्ही हे आधी का कळवलं नाही?"

मनीप्लांटने सांगितलं, की आजोबा समोर बसून पाजायचे, त्यामुळे नको म्हणवत नव्हतं.

मेस्त्रींनी खिडकीतला रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

"सुनावणी तीन आठवड्यांनी," नलावडे म्हणाले. "तोवर माती सुधारायची मुभा आहे. डोलोमाइटची भुकटी आणा, चुनखडीसारखा दगड असतो तो, आंबटपणा मारतो. या कुंडीला एक चमचा."

"दोन घातले तर लवकर बरं होईल ना?"

"आजोबा, जास्तीचं मुळांना सोसत नाही. एकच. वरच्या दोन बोटं मातीत हलक्या हातानं कालवा. मग पाणी घाला आणि खालच्या भोकातून निथळून जाऊ द्या. इतक्यात खत घालू नका. घसा धरलेल्या माणसाला पुरणपोळी वाढून काय उपयोग? आधी घसा सुटू दे."

"आणि चहा?"

"चहा बंद."

मेस्त्री जन्मभर सुतारकाम केलेले. चमच्यावर आलेला भुकटीचा ढीग त्यांनी फूटपट्टी फिरवून सपाट केला. माती कालवताना मूळ दुखावू नये म्हणून लोखंडी खुरपं न घेता बोटंच वापरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दोन कप चहा झाला. मेस्त्री कप हातात धरून कुंडीपुढे उभे राहिले. चहावर साय धरली. शेवटी त्यांनी तो परत गरम केला आणि अनसूयाबाईंचं दार वाजवलं.

"अगंबाई, साखर कुठाय यात? हा चहा आहे का काढा?" असं म्हणत त्यांनी कप रिकामा केला. तिसऱ्या दिवशी मेस्त्रींना उशीर झाला, तर अनसूयाबाईच दारात येऊन उभ्या. "आजचा काढा झाला नाही वाटतं?"

तिसऱ्या आठवड्यात नलावडे येऊन पुन्हा माती चाखून गेले. "उतरतोय आंबटपणा," एवढंच म्हणाले. शेंड्याला एक कोंब आला होता, पण तो अजून गुंडाळलेलाच होता. त्यावरून काही कळत नव्हतं.

झाडावर दडपण येऊ नये म्हणून सुनावणीला घरच्या माणसाला जाता येत नाही. गुरुवारी सकाळी आठच्या एसटीत मेस्त्रींनी मनीप्लांटला खिडकीशी बसवलं. कुंडी घसरू नये म्हणून खाली गोणपाटाची घडी ठेवली. कंडक्टरने अर्धं तिकीट फाडलं.

"परतीचं देऊ का?"

"नको," मेस्त्री म्हणाले. "त्याचं त्याला ठरवू दे."

गाडी सुरू झाली. मेस्त्री खिडकीखाली गेले. "जिथं मानवेल तिथं राहा," ते म्हणाले. "आणि तिकडे कुणी चहा पाजायला लागलं, तर सरळ नको म्हणून सांग. भीड धरू नकोस."

परतीची गाडी चारची होती. मेस्त्री दोनपासूनच स्टँडवर उभे होते. बाकड्यावर जागा होती, पण बसवेना. अनसूयाबाई बाजाराची पिशवी घेऊन आल्या आणि शेजारी उभ्या राहिल्या.

गाडी आली. कॉलेजच्या मुली उतरल्या, कोंबड्यांची डालगी घेतलेला माणूस उतरला, एक म्हातारी उतरली. मग कुणीच उतरलं नाही. ड्रायव्हर पाणी प्यायला गेला.

"मेस्त्री, चला," अनसूयाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

तेवढ्यात कंडक्टर दोन्ही हातांत कुंडी सांभाळत दारात आला. पायरी बघून खाली उतरला.

"तुमचंच ना हे, आजोबा? जीव खाल्ला यानं माझा. वाटभर विचारतंय, आपलं गाव आलं का, आपलं गाव आलं का."

"एकट्यानं कधी गेलं नव्हतं ते," मेस्त्री म्हणाले, आणि त्यांनी कुंडी कडेवर घेतली.