परबदादांची मूठ

परबदादांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही, पंजा मागितला. मी बॅग खाली ठेवून हात पुढे केला, तर त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, खिशातून व्हर्नियर काढला आणि माझ्या अंगठ्याची जाडी मोजून वहीत लिहिली. मग म्हणाले, "शेवटची दोन बोटां मीट. आता ह्यां धर." आणि माझ्या हातात चक्क रिव्हॉल्व्हर ठेवलं.

मला बहरीनमध्ये येऊन जेमतेम चार तास झाले होते. बुसैतीनच्या या खोलीत आपला मुडदा पडणार आणि साताऱ्याला तार जाणार, असं मी धरून चाललो. तेवढ्यात खोलीतले तिसरे गडी, दापोलीकडचे हमीदभाई, चहा गाळता गाळता म्हणाले, "घाबरू नको रे, मुकी हाय ती. आम्हां सगळ्यांची बोटं मोजून झालीत त्याची."

दत्ताराम परब सावंतवाडीकडचे. सित्र्याच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांचा गोरा फोरमन मायदेशी परतताना त्यांना ही भेट देऊन गेला होता. चक्रीच्या प्रत्येक घरात दारू आणि गोळी ठासून भरायची, त्या जुन्या जमान्यातल्या रिव्हॉल्व्हरची ही हुबेहूब नक्कल. परबदादांनी पहिल्याच दिवशी तिच्या नळीत पोलादी खुंटी ठोकून वेल्डिंग मारलं, ठिणगी जायची भोकंही बुजवून टाकली. आधी तिला मुकी केली आणि मग सजवायला घेतली.

"आमच्याकडची ठासणीची बंदूक असता ना, तिचीच ही धाकटी भयण," ते सांगायचे.

शुक्रवारी सुट्टी. हमीदभाई नमाजाला जायचे, मी कपडे धुवायचो आणि परबदादा खिडकीपाशी टेबलाला लोखंड पकडायचा शेगडा लावून कानशी चालवत बसायचे. गावी न्यायला सगळे जण टू-इन-वन घेत, ब्लँकेटं घेत. हा माणूस बाजारातून केसासारखी बारीक कानस घेऊन यायचा आणि दागिना दाखवावा तशी आम्हाला दाखवायचा.

पण काम बघाल तर तोंडात बोट जाईल! पितळी चौकटीवर त्यांनी काजूची पानं कोरली होती, शिरा मोजून घ्याव्यात इतकी स्पष्ट. गोळ्यांच्या चक्रीवर रानडुकरांची रांग काढली होती. चक्री फिरवली की डुकरं एकामागून एक पळायची, आणि शेवटचं पिल्लू थोडं मागे राहायचं. ते पिल्लू पाहिलं तेव्हापासून मी त्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार करत आलो आहे. मला भिंतीत सरळ खिळा मारता येत नाही.

अडलं होतं ते मुठीपाशी. मुहर्रकला लाकडी गलबतं बांधतात, तिथल्या म्हाताऱ्या अरब सुताराकडून परबदादा सागाचे तुकडे आणत. मूठ कोरत, माझ्या हातात देत, दोन बोटं मिटायला लावत आणि मान हलवत. "अजून बसाक नाय." की ती मूठ गेली खोक्यात! अशा सात मुठी मी खोक्यात जाताना पाहिल्या. तो सुतार दर वेळी विचारायचा, "खलास?" आणि परबदादा म्हणायचे, "मफी खलास, चाचा," म्हणजे अजून नाही झालं. एकदा मीच वैतागून म्हटलं, "दादा, अहो बसली की! मस्त बसली."

"तुझ्या हातात बसान काय उपयोग?" ते म्हणाले.

मग मोजमाप माझं कशाला घेता, हा प्रश्न मी गिळला. हमीदभाईंचं मत होतं की गोरे लोक पिस्तूल असंच दोन बोटं मिटून धरतात.

त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे फडकं. खांद्यावर कायम एक ओलं फडकं असायचं. मी ताट पुसलं म्हटलं की ते परत पुसायचे. हमीदभाईंनी स्टोव्ह विझवला म्हटलं की उठून बघून यायचे. "केलंय म्हणा नको. बघून सांग," हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर यायचं. मला त्याचा राग येई. साताऱ्यात माझ्या शब्दाला किंमत होती.

चार वर्षांनी त्यांची रजा मंजूर झाली. निघायच्या आदल्या शुक्रवारी ते आठवी मूठ रिव्हॉल्व्हरवरून काढत होते. स्क्रू काढून त्यांनी ती धुतलेल्या बनियनमध्ये गुंडाळली आणि बॅगेत ठेवली. बंदूक तशीच, मुठीविना उघडी, टेबलावर राहिली.

"दादा, एवढी सजवलीत आणि मूठच नेताय?"

"बंदूक कस्टमवालो सोडूचो नाय. आणि बाबांका बंदूक नको. त्यांका कोयतो धरूचो आसा. ही मूठ कोयत्याक लावतलंय."

मग त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, कानस पुसत पुसत. ते नऊ वर्षांचे असताना शेतात डुकरं शिरली. बाबांनी ठासणीची बंदूक उडवली. दुसरा बार भरण्याआधी नळी ओल्या फडक्याने पुसायची असते, नाहीतर आत विस्तव राहतो. ते काम दत्तूचं. दत्तूला पडलेलं डुक्कर बघायची घाई. "पुसलंय म्हणान सांगितलंय. पुसूक नव्हतंय." बाबांनी दारू ओतून गज घातला आणि बार आतल्या आत पेटला. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली. त्यानंतर त्या हातात कोयता कधी ठरला नाही, निसटायचा. बाबांनी मुलाला एका शब्दाने विचारलं नाही.

"बंदुकेन न्हेल्यान, बंदुकेनच देवक व्हया," परबदादा म्हणाले. "तुझो आंगठो बाबांच्या मापाचो. पण खरा काय ता थयच कळतला."

मी माझ्या अंगठ्याकडे पाहत राहिलो. मला फार लाज वाटली. सात मुठींच्या वेळी मी सात वेळा कंटाळलो होतो.

दोन महिने आमच्या खोलीत ताट कोणी दुसऱ्यांदा पुसलं नाही, आणि मला ते अजिबात बरं वाटलं नाही. शेवटी तर मीच पुसू लागलो.

परबदादा परतले ते एका दुपारी, उन्हाने लाल होऊन. हमीदभाईंनी पाणी दिलं. मूठ कशी झाली, हे विचारायचा धीर आम्हा दोघांनाही होईना. त्यांनी बॅग उघडली, चार नारळ काढले आणि टेबलावर त्या बिनमुठीच्या बंदुकीशेजारी ठेवले. काय ते नारळ! कुठे वरचं काथ्याचं सोडण खरवडून निघालेलं, कुठे मूठभर तसंच चिकटलेलं.

"बाबांका सांगितलंय मी," ते म्हणाले. "फडक्याचा."

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हायत होता त्यांका. त्याच दिवशी. फडको सुको होतो." त्यांनी खांद्यावरचं फडकं काढून हातात धरलं. "हाताक पालो बांधून तेच उठले, फडको पाण्यात भिजवल्यानी, काजळी लावून काळो केल्यानी आणि अंगणात टाकल्यानी. आयशीन, गाववाल्यांनी माका बोलूक नये म्हणान."

हमीदभाई तोंड फिरवून उगाचच स्टोव्हला पंप मारू लागले.

अर्ध्या सुताचा फरक खपवून न घेणारे परबदादा त्यातला सगळ्यात वाईट सोललेला नारळ उचलून बघत होते. त्याची एकही शेंडी त्यांनी नीट केली नाही. बोटाने ती चाचपत ते म्हणाले, "बाबांनी सोलले. उजव्या हातान."

आणि थोड्या वेळाने, "बसली रे."