हलेल ते शिक्षण!

शाळेच्या पैशाचा प्रश्न मोठ्या शिकलेल्यांना सुटत नाही. मी तो एका ड्रिल मशीनने सोडवला! मी रमण, इकडे आखातात रुसैलच्या कारखान्यात फिटर.

झालं असं, सीबच्या आमच्या शाळेत पालकांची सभा होती. समितीचे अध्यक्ष सलील सर म्हणाले, "मराठीचा वर्ग बंद करावा लागेल. बाकं, पुस्तकं आणि मिसचा पगार, तिन्हीला पैसा पुरत नाही."

"पण गेटजवळ कारंजं बांधताय ना?"

"तो इमारतीचा पैसा, रमणभाऊ! शिकवण्याला लावता येत नाही."

"मग इमारत म्हणजे काय काय?"

सर वैतागले. "शाळा उलटी धरा! खाली पडेल ते शिक्षण, चिकटून राहील ते इमारत!"

झालं! माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. वर्ग वाचवणं मला भाग होतं. माझी बायको शीला होती तोवर घरात मराठी होती. ती गेली आणि आमची लेक यशश्री माझ्याशीही "ओके बाबा" एवढंच बोलायची. तिच्या कानावर मराठी पडायची ती उमामा मिसच्या तासाला.

शुक्रवारी इथे सुट्टी, तेव्हा मी आणि माझ्याच कारखान्यातला रत्नागिरीचा झुबेर वर्गात घुसलो. बाकं जमिनीला बोल्टने ठोकली! कपाट भिंतीला! पुस्तकंसुद्धा बारीक तारेने कपाटाला!

"रमण्या, मिसलापण एक बोल्ट मार," झुबेर म्हणाला, "पगार इमारतीतून निघेल!"

रविवारी इथे शाळा भरते. घंटेच्या आधीच सलील सर आले. त्यांनी कपाट ओढलं. हललं नाही! पुस्तक ओढलं. तेच परत कपाटाकडे गेलं!

"शाब्बास! हे सगळं इमारतीत धरू. शिक्षणाच्या पैशात मिसचा पगार बसेल." मी हवेत! तेवढ्यात सर म्हणाले, "खोली इतकी मजबूत झालीय, की इथे समितीचं ऑफिसच करू! मराठी जिन्याखाली बसेल."

आणि ऑफिस कसं वाटतं ते बघायला सर पहिल्या बाकावर बसले.

बाक आणि पुढचं डेस्क यांच्यामधलं माप मी यशश्रीवर घेतलं होतं. सरांचं पोट आत गेलं, बाहेर येईना! बाक मागे सरकवावं, तर बोल्ट! पाना आणावा, तर पेटी झुबेरबरोबर कंपनीच्या बसमधून रुसैलला!

"तोडा हे!" सर ओरडले.

"सर, इमारतीची तोडफोड करायला समितीची परवानगी लागते ना?" मी विचारलं.

"समितीचा अध्यक्ष मीच आहे!"

"मग सभा बोलवा!"

तेवढ्यात घंटा झाली. मुलं आत आली. उमामा मिस शांतपणे म्हणाल्या, "सर बसलेच आहेत, तर पहिला धडा सरच वाचतील."

सर वाचत होते. घाम गाळत. शेजारी यशश्री. मधेच ती त्यांच्या कानाशी लागून म्हणाली, "सर, श्वास सोडा आणि पोट आत घ्या, मी ढकलते!"

शीला गेल्यापासून तिच्या तोंडून आलेलं पहिलं अख्खं मराठी वाक्य! मला ओरडावंसं वाटलं. पण सगळी पोरं ढकलायला धावली आणि फणसातून गरा निसटावा तसे सर बाहेर!

"ऑफिस खलास!" सर शर्ट सावरत म्हणाले. "वर्ग इथेच राहील. मराठीच बसो या बाकांवर!"

मी लगेच पुढे झालो. "सर, बोल्टचे पैसे इमारतीतून. माझी मजुरीपण त्यातूनच ना?"

सरांनी मला खांद्याला धरून गदागदा हलवलं.

"हलताय की तुम्ही! म्हणजे तुम्ही शिक्षण. आणि शिक्षणाचा पैसा मिसच्या पगारात संपला!"

शीला असती तर म्हणाली असती, "मजुरी आधी ठरवायची असते हो!"