भरदुपारी ऐंशी मीटरवर

शेळगावच्या महिपतरावांना रात्री रेडिओ लावायची बंदी होती. बंदी सरकारची नव्हती. सरकारनं उलट परीक्षा घेऊन त्यांना हॅम, म्हणजे हौशी, रेडिओचा रीतसर परवाना दिला होता. बंदी बायकोची, ठमाबाईंची होती. महिपतरावांनी माइकचं बटण दाबलं, की टीव्हीवरच्या मालिकेतली सासू सुनेला बोल लावायचं सोडून महिपतरावांच्या आवाजात "हॅलो, हॅलो" करायची.

तेव्हा उरला दिवस. आणि महिपतराव ज्यांवर बोलायचे त्या ऐंशी मीटर लांबीच्या रेडिओलहरींचं दिवसा काही खरं नसतं. रात्री त्या आभाळाला धडकून पार देशाच्या टोकाला जातात, पण सूर्य वर आला की त्याच आभाळात खालच्या अंगाला एक थर तयार होतो आणि त्यांना गिळून टाकतो. महिपतरावांनी हे एकदा बायकोला नीट समजावून सांगितलं.

"म्हंजी तुमचं कुणी ऐकून घ्यायचं न्हाय, अशी वरूनच सोय हाय," ठमाबाई म्हणाल्या.

बारामतीचा अजित हा त्यांचा रेडिओवरचा दोस्त. तो तर पैजेवर आला होता. "तात्या, दिवसा ऐंशीवर सोलापूरच्या पुढं गेलात तर मिशी उतरवीन!"

"डिसेंबरात ऊन कलतं, थर पातळ हुतो," महिपतराव म्हणाले. "तार लांब पायजे फकस्त."

म्हणून त्यांनी घरावरच्या टाकीपासून मागच्या समाजमंदिराजवळच्या लिंबापर्यंत चाळीस मीटर तांब्याची तार ताणली. (दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर त्याच तारेखाली मांडव उभा राहिला. पण तार स्वतःची असल्यामुळं महिपतराव वरच बघत होते. मांडवाकडं लक्ष गेलं नाही.)

मांडव ठमाबाईंच्या बचत गटाचा होता. पेरूची जेली करायचं यंत्र आलं होतं, उद्घाटनाला बाहेरगावच्या बाई येणार होत्या, आणि गटाच्या अध्यक्ष म्हणून ठमाबाई जन्मात पहिल्यांदा भाषण करणार होत्या. इरकली नेसून निघताना त्या दारात थांबल्या.

"अवो, बाराला पयल्या रांगेत बसा. समोर एक तरी आपलं माणूस दिसलं पायजे मला."

"आलोच," महिपतराव म्हणाले.

पावणेबारा झाले होते. एकच हाक मारू आणि जाऊ, एवढंच त्यांनी ठरवलं. दार लावलं, खिडक्या लावल्या, कानाला हेडफोन चढवला आणि हाक मारली. कानात नुसती खरखर. पुन्हा हाक, पुन्हा खरखर. मग त्यांना एक युक्ती सुचली. (त्यांच्या युक्त्यांचा इतिहास फारसा चांगला नव्हता.) "माझा आवाज ज्यांना येत आसंल, त्यांनी कृपा करून फोन करावा," असं म्हणून त्यांनी आपला मोबाइल नंबर दोनदा सांगितला.

मिनिटभरात फोन वाजला.

"हॅलो! आवाज येतोय वो, लय मोठ्यांदा!" एक तरुण बाई ओरडत होती. "बक्षीस काय हाय?"

"कुठल्या तुमी?"

"नरसिंहपूरची स्वप्नाली."

नरसिंहपूर म्हणजे याच तालुक्यात. महिपतरावांनी निरुत्साहानं वहीत नोंद केली. तोवर दुसरा फोन.

"नमस्कार, मी राजलक्ष्मी. तुमचा आवाज फारच जोरात येतोय. जरा कमी करता येईल का?"

कमी! भरदुपारी! महिपतरावांचे डोळे भरून आले. "बाई, आपण कुठल्या?"

"मी नागपूरची. पण..."

पण-बिण ऐकायला वेळ कुणाला होता? त्यांनी फोन ठेवला. बाईंच्या मागं बराच गलका होता; पण नागपूर म्हटलं की वर्दळ असायचीच. त्यांनी पुन्हा बटण दाबलं आणि आनंदाच्या भरात मन मोकळं करायला लागले.

"नागपूरकर, तुमचं लय उपकार झालं! रातच्याला मंडळी लावू देत न्हाईत. मंडळींचं आज भाषाण हाय. पंधरा दिस ऐकतोय. आमची म्हस बी आता 'भगिनींनो' म्हटलं की मान वर करती! पर मंडळी 'भगिनींनो'च्या म्होरं अडकत्यात. तितं वाक्य हाय, 'आपल्या हाताला चव हाय, ती आता बाजाराला कळू द्या.' मला पाठ हाय, त्यांना न्हाय!"

एवढं बोलून त्यांनी बटण सोडलं आणि आणखी कुणाची हाक येते का ते बराच वेळ कान लावून ऐकत बसले. शेवटी फोन पुन्हा वाजला.

"आवाज कसा येतोय?" महिपतरावांनी ऐटीत विचारलं.

"खणखणीत."

"कुठनं बोलताय?"

"तुमच्या मागच्या भिंतीपल्याडनं," ठमाबाई म्हणाल्या. "भायेर या."

महिपतरावांनी खिडकी उघडली. मांडव हसत होता. भोंगेवाला सोपान कपाळाला हात लावून बसला होता. माइकची लांबलचक वायर बरोबर तारेखालून गेली होती, तिनं लहरी टिपल्या, आणि पहिल्या हाकेपासूनचा शब्द न् शब्द त्याच्या चार भोंग्यांतून शेळगावभर गेला होता. व्यासपीठावर उद्घाटनाला आलेल्या नागपूरच्या राजलक्ष्मीबाई हसून हसून पदरानं डोळे पुसत होत्या.

मांडवातच बसलेल्या स्वप्नालीनं नंतर सांगितलं, ते असं. ठमाबाई माइकपुढं उभ्या राहिल्या, समोरची पहिली रांग बघितली, तिथली एकच खुर्ची रिकामी दिसली आणि "भगिनींनो" म्हणून जी वाचा बसली ती बसलीच. तेवढ्यात भोंग्यातून म्हैस आली. बायका लोळायच्या बाकी राहिल्या. आणि पाठोपाठ पुढचं वाक्यही आलं. ठमाबाईंनी ते तसंच उचललं, आणि मग अशा बोलल्या की टाळ्या थांबेनात.

महिपतराव चपला हातात घेऊन मांडवात शिरले. ठमाबाईंचा चेहरा रागावलेला होता, पण पुरता नव्हता. त्यांनी नवऱ्याला हाताला धरून वर घेतलं.

"तुमी बोलला म्हणून मला म्होरलं गावलं," त्या फक्त त्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या. मग त्यांच्या हातात माइक दिला आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "म्हशीचं काय ते आता हितं, सगळ्यांच्या म्होरं सांगा."

तीनशे बायकांनी माना वर केल्या. महिपतरावांनी घसा खाकरला. त्यांचे ओठ हलले, मिशी हलली.

मागच्या रांगेतून सारजाआजी ओरडली, "अगं, त्यास्नी म्हणावं मोठ्यांदा बोला! हितंवर आवाजच पोचंना!"