मेंदूची साक्ष

साहेबांच्या भाषणात कारकुनाने डुलकी काढली, इथवर काही बिघडलं नव्हतं. भाषण सुरू झालं की अर्धं ऑफिस डुलक्या काढायचं. पण याची मान थेट टेबलावर आपटली.

"काय झालं रे?" साहेब ओरडले.

नोकरी पक्की व्हायला पंधरा दिवस उरलेल्या माणसाला जे सुचतं, तेच त्याला सुचलं. "चक्कर आली, साहेब. पुढचं काहीच आठवत नाही."

साहेब माणूस कनवाळू. त्यांनी त्याला स्वतः डॉक्टरकडे नेलं आणि डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढायला सांगितला. आदल्या रात्री जागायचं, केस धुऊन यायचं, सोबत कुणीतरी हवं. "मीच येतो," साहेब म्हणाले, आणि कारकुनाचं धाबं दणाणलं. मेंदू बिघडलेला निघाला तर नोकरी जाणार, धड निघाला तर खोटं उघडं पडून जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. त्याचे केस धुताना बायको मुसमुसत होती. हिला तरी खरं सांगावं असं त्याला फार वाटलं, पण धीर झाला नाही.

तपासणीच्या खोलीत तंत्रज्ञ बाईंनी त्याच्या डोक्याला चिकट मलम फासून एकवीस वायरी लावल्या. साहेब कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते, म्हणून त्याने हळूच विचारलं.

"बाई, ह्यात मनातलं दिसतं का हो?"

"छे हो! मनातलं कुणाला कळतंय? माणूस जागा आहे की झोपलाय, एवढं मात्र मशीन बरोब्बर सांगतं."

नेमकं तेवढंच त्याला नको होतं.

"आता शांत झोपा," बाई म्हणाल्या. त्याने डोळे मिटले आणि काही झालं तरी झोपायचं नाही असं ठरवलं. झोप लागली की मशीन चुगली करणार. तो मनात एकोणतीसचा पाढा म्हणू लागला. रात्रभर जागलेलं अंग ठणकत होतं, पण भीती डोळा लागू देत नव्हती. अर्धा तास गेला.

"हे काही झोपत नाहीत बुवा," बाई वैतागल्या. "आज नाही झोपले तर उद्या परत या. म्हणजे आज पुन्हा जागरण."

साहेबांना दया आली. खुर्ची पुढे ओढून ते म्हणाले, "घाबरू नकोस. मी बोलत बसतो तुझ्याशी. खात्याची वार्षिक उद्दिष्टं त्या दिवशी तुझी ऐकायची अर्धवटच राहिली. तर, मुद्दा पहिला..."

"नको, साहेब!" कारकून कळवळला.

दुसऱ्या मुद्द्याला तो घोरत होता.

जाग आली तेव्हा साहेब पडद्यासमोर उभे होते.

"डॉक्टर सांगतीलच, पण मला तरी सगळं ठणठणीत दिसतंय," बाई खुशीत सांगत होत्या. "खोलीत काय चाललंय ते आम्ही आलेखावर लिहून ठेवतो. हे बघा, इथे तुमचा पहिला मुद्दा, इथे पेंग. इथे दुसरा मुद्दा, आणि ही झोप! गोळी देऊनसुद्धा इतक्या लवकर कुणी झोपत नाही. बरं, त्या दिवशी चक्कर आली तेव्हा काय चाललं होतं?"

साहेब खुर्ची उचलून जागेवर ठेवू लागले.

बाहेर आल्यावर कारकुनाने हात जोडले. "साहेब, चुकलं माझं. त्या दिवशी मला खरं तर..."

"चक्कर आली होती," साहेब म्हणाले. त्यांनी आधी मागे पाहिलं, मग पुढे पाहिलं. त्यांचा चेहरा कारकुनापेक्षाही पांढरा पडला होता. "चक्करच आली होती तुला. ऑफिसात कुणीही विचारलं तरी हेच सांगायचं. नोकरी पक्की करायची आहे ना?"