गजभिये सरांचे बनियन

आमच्या वरच्या मजल्यावरचे गजभिये सर रोज गच्चीवर पांढरे बनियन टांगतात आणि त्यातला एकही घालत नाहीत. सकाळी कोरडेच टांगायचे, संध्याकाळी काढून रंगाच्या दुकानातल्या शेड कार्डाशेजारी धरायचे आणि जो करडा रंग जुळेल त्याचा नंबर भिंतीवरच्या आलेखात भरायचा. एक बनियन मात्र पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात ठेवलेला असतो. तो तुलनेसाठी.

सर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. रिटायर झाले, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसत नाही. कोराडी रोडवर, कोळशाच्या वीज केंद्राजवळच्या आमच्या कॉलनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर काळपट काहीतरी बसतं. आम्ही त्याला राख म्हणतो. सर लगेच अडवतात, "राख काहून म्हणता गा? कण म्हणा. कोठून आले ते सिद्ध व्हाचं हाय अजून."

त्यांचा दुसरा लाडका प्रश्न म्हणजे "कशाच्या तुलनेत?" मे महिन्यात घामाने निथळत 'काय ऊन आहे' म्हणून बघा! एका मयतीला कोणीतरी सुस्कारा टाकून म्हणालं, "भला माणूस होता." मी सरांचा दंड धरला, पण उशीर झाला होता.

मागे कॉलनीने पालापाचोळा जाळणं बंद करायचं ठरवलं. सर उभे राहिले. "सगळ्यांनीच बंद केलं त फरक कशानं पडला, हे समजन कसं? अर्ध्या घरांनी जाळत राहा." चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या नशिबी जाळणं आलं. आमच्या दारात एक तुळस, तिचा पाला कितीसा पडणार? मी महिनाभर शेजारच्या गल्लीतून पोत्यात पाचोळा भरून आणत होतो. पर्यावरणाची इतकी सेवा मी जन्मात केली नव्हती.

या सगळ्या मोजमापामागे शकुंतला काकू होत्या. सरांच्या पत्नी. त्यांना दमा. डॉक्टर म्हणाले, इथली हवा सुधारेपर्यंत बाहेर राहा, म्हणून त्या रामटेकच्या पलीकडे माहेरी गेल्या. सर रोज त्यांना फोनवर नंबर सांगायचे. नंबर खाली आला की काकू येणार, असं ठरलं होतं. नंबर काही खाली येत नव्हता.

गेल्या महिन्यात सावनेरहून माझी ताई आली. तिला यातलं काय ठाऊक? गच्चीवर बनियन बघून ती हळहळली. एकटा माणूस, कपड्यांची काय दशा! तिने ते सगळे घासून धुतले, नीळ दिली आणि परत टांगले. उन्हात घटकेत वाळले.

संध्याकाळी सर जिना धडाधड उतरत आमच्या दारात. एका हातात झगझगीत बनियन, दुसऱ्या हातात फोन. एका दिवसावरून काही ठरत नसतं, हे आम्हाला शिकवणारा माणूस फोनमध्ये ओरडत होता, "शकू, अवं पांढरा निघाला! एकदम पांढरा! आत्ताची गाडी सापडते, निंग!"

फोन स्पीकरवर होता. काकू म्हणाल्या, "खरंच? पिशवी भरूनच हाय माही. निघून राहिली मी."

"बनियन होय?" ताई कौतुकाने म्हणाली. "मीच धुतले ना सर. लय मळले होते."

सरांनी बनियन नाकाशी नेला. साबणाचा वास आला असावा. मला ताईचा राग आला, आणि सरांकडे बघवेना.

"शकू," सर फोनमध्ये हळूच म्हणाले, "थांब वं. माहीच चूक झाली. राहा तिथंच."

पलीकडून काकू एवढंच म्हणाल्या, "बरं. जेवून घ्या."

सर उंबऱ्यावरच बसले. ताईने हात जोडले, माफी मागितली. सर तिच्यावर जराही चिडले नाहीत. मांडीवर बनियनची घडी घालत म्हणाले, "ताई, जरा उशिरा सांगतलं असतं त का बिघडलं असतं? तोवर शकू गाडीत बसली असती."